हळदीखालची चीर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. लेकीला नाही, पाठच्या बहिणीला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही काही आमच्या माले गावात येऊन, आमच्या ओट्यावर बसून ह्यांच्यासमोर विषय काढणार नाही. निदान मी तसं धरून चाललेय.

हे म्हणजे माझे मालक. पिरंगुटच्या एका कारखान्यात सगळा जन्म पाळ्या करण्यात गेला. आज दिवसपाळी, उद्या रातपाळी. मी अंगणवाडीत. संसार झाला, लेकीचं लग्न झालं, पण एकमेकांजवळ घटकाभर बसायला सवड कुठली? आणि मग निवृत्ती जवळ आली असताना ह्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय सुधारला, बोलणं सुधारलं, हात तेवढा मागं राहिला. कप धरला की थरथरायचा. सदऱ्याची बटणं लावता येईनात, ती मी लावायला लागले.

बटणांचं तेवढं लक्षात ठेवा. त्याच्याकडे मी परत येणार आहे — यावंच लागणार आहे.

डॉक्टर म्हणाले, हाताला काम द्या, रबरी चेंडू दाबत बसा. ह्यांना आला राग. "मी काय ल्हान पोरगं हाय व्हय?" म्हणून चेंडू दिला पत्र्यावर भिरकावून. मग एके दिवशी मोबाइलवर कुणीतरी साध्या फळीतून धनुष्य बनवताना ह्यांना दिसला. तोच व्हिडिओ सकाळ-संध्याकाळ. मी म्हटलं, आता ह्या वयात कुणाला मारायला निघालात? तर नुसते हसले. पौडच्या वखारीत जाऊन धामणीच्या चिवट लाकडाची फळी घेऊन आले. एकच फळी निवडायला अख्खी सकाळ घालवली म्हणे — लाकडातल्या रेषा ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत न तुटता जायला हव्यात, नाहीतर वाकवताना फळी दगा देते. हे सगळं मला जेवताना ऐकावं लागलं.

सुतारकाम ह्यांच्या बापजन्मात कुणी केलं नव्हतं. आधी रंधा हातात नीट बसेना. भलतीकडे घसरायचा, बोट कापायचं, शिव्या घालायचे. पण परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये रोज जाऊन बसायचे. फळी दोन्ही टोकांना निमुळती करत आणली, मग भिंतीला खुंटी ठोकून तिच्यावर अडकवली, आणि दोरीनं खाली ओढून लांबून बघायचे — कुठली बाजू वाकते, कुठली ताठ राहते. ताठ राहील ती बाजू काचेच्या तुकड्यानं थोडी खरवडायची. पुन्हा ओढायची. पुन्हा बघायची. असं रोजचं. जेवायला हाक मारली तर "आलो गं" म्हणायचे आणि यायचे नाहीत. मी त्या धनुष्याला माझी सवत म्हणायला लागले. चेष्टेनंच — म्हणजे आधी चेष्टेनंच.

कारण हात सुधारत होता. एका सकाळी मी सदरा घेऊन गेले, तर हे आधीच सदरा घालून उभे. बटणं लावलेली, एक वर-खाली झालेलं, पण लावलेली. "बघ," म्हणाले. चेहरा असा फुललेला! मी म्हटलं, अगंबाई, छान. आणि आत येऊन विनाकारण भांडी आपटली.

का आपटली असतील? तेव्हा मी स्वतःला विचारलं नाही.

खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी घरातली हत्यारं धुऊन पुसून पाटावर मांडतात, पूजा करतात, आणि दिवसभर त्यांना हात लावत नाहीत. ती त्यांची विश्रांती. दरवर्षी कोयता, खुरपं, विळी असायची. त्या वर्षी ह्यांनी रंधा मांडला, कानस मांडली, करवत मांडली, आणि मध्ये ते धनुष्य, पूजेपुरती दोरी चढवून. मला बजावून सांगितलं, ओढू नकोस, आणि बाणाशिवाय दोरी सोडायची तर अजिबात नाही, सगळा झटका लाकडालाच बसतो. मग आंघोळीला गेले.

मी कडाकण्या तळत होते. तेलाचे हात पदराला पुसले न पुसले, आणि पाटाजवळ गेले. काय एवढं ह्याच्यात, ज्यापायी माणूस मला विसरतो? उचललं. हलकं होतं, गुळगुळीत, हाताला गोड लागणारं. ओढलं. किती मऊ वाकलं ते! — आणि तेलकट बोटांतून दोरी निसटली.

टक्क. एवढासाच आवाज.

मुठीच्या वर, पाठीकडच्या बाजूला केसासारखी चीर गेली होती. न्हाणीतून पाण्याचा आवाज येत होता. हाक मारता आली असती ना? मी हळद-कुंकू घेतलं, हळद जरा ओली केली, आणि त्या चिरेवर बोटानं दाबून भरली. वर कुंकवाची बोटं ओढली, झेंडूचं फूल ठेवलं. हे बाहेर आले, पूजा केली, हात जोडताना माझ्याकडे बघून म्हणाले, "लई झ्याक मांडलंस."

दुसऱ्या दिवशी दसरा. सीमोल्लंघनाला गडी माणसं शिवेकडे निघाली, बायका मागून. बांधाला ह्यांच्या बाणाच्या नेमासाठी पेंढ्यानं भरलेलं पोतं उभं केलेलं, धाकटे दीर, शेजारपाजार, सगळे जमलेले. हे नवा सदरा घालून. बटणं स्वतः लावलेली, त्या दिवशी सगळी सरळ. सकाळपासून तोपर्यंत मला किती वेळ होता म्हणता! मी सांगितलं नाही. टिकेल, असं मनाशी म्हणत होते. खरं सांगू? टिकेल असंही म्हणत होते, आणि मोडलं तर मोडू दे, असंही.

बाण लावला, ओढलं, आणि धनुष्य ह्यांच्या हातात मोडलं. एक ढलपी गालाला लागून रक्त आलं. डोळा दोन बोटांवर होता.   दीर पुढं होऊन म्हणाले, "जाऊ दे दादा, लाकूडच खराब निघालं."

ह्यांनी धनुष्याकडे बघितलंच नाही. स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत राहिले. "लाकूड चांगलं व्हतं रं," म्हणाले. "ह्यो हातच गेलाय. कुटंतरी जास्त खरवडलं आसंल."

तुकडे मी गोळा केले. मोडलेल्या तोंडात आतपर्यंत हळद उतरली होती, पिवळीजर्द. कुणी पाहिलं असतं तर सगळं तिथंच कळलं असतं. घरी आल्याबरोबर ते तुकडे मी बंबात घातले, त्यावर ह्यांच्या आंघोळीचं पाणी तापवलं. संध्याकाळी हे शोधत आले. नेमकं कुठं चुकलं ते त्यांना बघायचं होतं. मी म्हटलं, जाळले, डोळ्यांसमोर नको म्हणून. बंबातल्या राखेकडे वाकून बघितलं आणि म्हणाले, "बरं केलंस."

रंधा, कानस तेल लावून माळ्यावर गेली. शेडमध्ये आता कोंबड्या आहेत.

तुम्हाला वाटेल, भीतीनं गप्प राहिले. भीती पहिले दोन-चार दिवस होती. पण हे काय रागावणार होते? हसले असते, म्हणाले असते, येडी का खुळी तू, आणि दुसरी फळी आणली असती. मला ती दुसरी फळी नको होती. हे त्या दसऱ्यानंतर माझ्याजवळ स्वयंपाकघरात येऊन बसायला लागले. पावटे सोलू लागतात, शेंगा निवडतात, गावातलं काहीबाही सांगतात. उभ्या जन्मात मिळाला नाही तेवढा नवरा मला मिळाला. मी सुखात होते. अजून आहे. त्यांचा स्वतःच्या हातावरचा विश्वास जाळून मी हे सुख घेतलं, आणि रोज गोड मानून खाल्लं. अंगणवाडीत पोरांना खरं बोलायला शिकवत होते, त्याच दिवसांत.

त्या दसऱ्यापासून ह्यांनी बटणाला हात लावलेला नाही. सदरा घालतात आणि माझ्यासमोर येऊन उभे राहतात, मान जराशी वर करून. गालावर ती बारीक खूण आहे. ती माझ्या डोळ्यांच्या अगदी समोर येते.

आज सकाळीही आले. "लाव गं," म्हणाले. त्यांचा उजवा हात खाली, अंगासरशी होता. सहज माझी नजर गेली. हात थरथरत नव्हता. अजिबात नाही. बोटं माझ्या पदराचा काठ धरून, त्याचा एक सुटलेला दोरा अगदी नाजूकपणे गुंडाळत होती.

मी पाहिलं. आणि खालपासून वरपर्यंत सगळी बटणं लावली.