तिच्या बाजूचे कप्पे

"आहो, ऐकून राहिले का? एकदा कपाट काढा. माझ्या साड्या देऊन टाका कोनाकोनाला."

बायको पुण्याहून फोनवर बोलत होती. मी दुकानात बसलो होतो. हिंगोलीकडच्या गोरेगावात माझं बी-बियाण्याचं आणि खताचं दुकान आहे. सून बाळंतपणानंतर कामावर जायला लागली, तेव्हा नातवाला सांभाळायला म्हणून बायको तिकडे गेली. दोन-तीन महिन्यांत येते म्हणाली होती. मग लेकराला दात येऊन राहिले म्हणून थांबली, मग पाळणाघरात ते रडतं म्हणून थांबली. आता ते बालवाडीत जातं आणि त्याला आणायला-सोडायला कुणी तरी लागतं.

"काहून देऊन टाकू?" मी विचारलं.

"पडून पडून घडीवर विरून जातील. मी इथं साडी नेसते व्हय? ड्रेसच घालते. लेकरामागं पळावं लागते."

ती ड्रेस घालते हे मला माहीत नव्हतं. व्हिडिओ कॉलवर तिचा चेहराच तेवढा दिसायचा, तोही अर्धा, कारण फोन लेकराच्या हातात असायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान बंद करून घरी आलो आणि कपाटाचं तिच्या बाजूचं दार उघडलं. डांबराच्या गोळ्यांचा वास आला. साड्या काढून पलंगावर टाकत गेलो तर पलंग भरला, मग खुर्ची भरली. परकरांचं गाठोडं वेगळं निघालं, ब्लाउजांचं वेगळं. कोणत्या साडीवरचा कोणता ब्लाउज ते मला काही उमजेना. तिला फोन लावला.

"कांद्याच्या रंगाची हाय ना, ती माझ्या बहिणीला द्या."

मी एक साडी कॅमेऱ्यापुढे धरली.

"आहो, ती राणी कलरची हाय. इतकं बी कळत न्हाई?"

दुसरी धरली. तीही नव्हती. तिसरी धरली तेवढ्यात नातवानं फोन ओढला. "आबा, आबा" म्हणत त्यानं स्क्रीनला तोंड लावलं आणि फोन कट झाला. पुन्हा लावला तर उचलला नाही. जेवायला घालत असेल.

शेवटी शेजारच्या वहिनींना हाक मारली. त्या पदराला हात पुसत आल्या आणि पलंगाकडे बघून हसल्या. मग खाली बसून त्यांनी रोजच्या साड्या एकीकडे, लग्नाकार्याच्या एकीकडे आणि विरलेल्या तिसरीकडे लावल्या. ब्लाउज जिथल्या तिथं घडीत सारले. कांद्याच्या रंगाची साडी नुसतं सांगताच त्यांनी काढून दिली. त्यांचे हात भराभर चालले होते. मधेच ते थांबले.

"भाऊजी, अक्का आता येत न्हाईत का वो?"

"येती की. दिवाळीला येती."

"मंग आल्यावर नेसतील काय?"

मी परकरांचं गाठोडं उगाच पुन्हा बांधायला घेतलं. त्यांनीच ढिगातून पाच-सहा चांगल्या साड्या निवडून बाजूला ठेवल्या. "ह्या राहू द्या," म्हणाल्या. रोजच्यातल्या थोड्या त्यांनी घेतल्या. उरलेल्या तांड्यावरच्या बायकांसाठी एका पिशवीत भरल्या. त्या बायका दरवर्षी आमच्या शेतात हळद काढायला येतात.

मेहुणी डोंगरकड्याला असते. तिची साडी पोचवायला मी स्वतः गेलो. हिंगोलीपर्यंत जीपने आणि पुढे एसटीने. तिनं पिशवीत हात घातला, साडी ओळखली आणि तिचा चेहराच उतरला.

"दाजी, अक्काला काय झालं? बरी हाय ना?"

"बरी हाय. तिनंच द्यायला सांगितली."

"जित्या बाईच्या साड्या कोनी वाटतंय व्हय? खरं सांगा."

ती रडायलाच लागली. मी घाईघाईने फोन लावून तिच्या हातात दिला. पलीकडून बायकोचा आवाज आला तेव्हा कुठे ती शांत झाली. मग दोघी बहिणी बोलत बसल्या. सोसायटीतल्या बायका, लेकराचा खोकला, सुनेची बदली, मोलकरणीचे खाडे, असं सगळं बायको तिला सांगत होती. मी अंगणात बाजेवर बसून चहा पीत ऐकत होतो. त्यातलं निम्मं मला पहिल्यांदाच कळत होतं. माझ्याशी बोलताना ती जेवलात का, गोळी घेतली का, एवढंच विचारते. मीही तेवढ्याचंच उत्तर देतो.

घरी आल्यावर मी कप्पे ओल्या फडक्यानं पुसले, नवे पेपर अंथरले. वहिनींनी राखलेल्या साड्या वरच्या कप्प्यात एकावर एक लावल्या. खालचे दोन कप्पे तिच्या ड्रेससाठी मोकळे सोडले. ड्रेस घडी करून ठेवतात की हँगरला लावतात ते माहीत नव्हतं, म्हणून सेनगावहून हँगरही आणले.

दिवाळीला सगळे गाडीनं आले. ती ड्रेसमध्ये उतरली. केस कापले होते. बरी दिसत होती. मी तिची बॅग उचलून आत नेली. संध्याकाळी मी तिला कपाट उघडून दाखवलं.

"लई बराबर लावलं वो," ती साड्यांवरून हात फिरवत म्हणाली. "मला बी असं कधी जमलं न्हाई."

मग तिनं दार लोटलं, बॅग उघडली आणि त्यातून टॉवेल काढला.

"कपडे काढून ठेव की आत."

"कशाला? चार दिसानं परत भरावंच लागते."

तिनं ते सहजच म्हटलं. चारही दिवस बॅग पलंगाशेजारी उघडीच होती. निघायच्या दिवशी तिनं वरच्या कप्प्यातल्या साड्याही बॅगेत घातल्या. "संक्रांतीला सोसायटीत हळदीकुंकू असते," म्हणाली.

पोरगा डिकीत सामान लावत होता. मी तिच्याजवळ जाऊन हळूच विचारलं, "मी येऊ का तिकडं?"

"दुकान?"

"दुकानाचं बघू काही तरी."

ती थोडा वेळ लेकराच्या टोपीचा बंद बांधत राहिली. "दोनच खोल्या हायेत वो," ती म्हणाली. "तुमाला झोपायची तकलीफ व्हईल." गाडीत बसल्यावर तिनं काच खाली केली आणि गोळ्या संपायच्या आत आणा असं सांगितलं.

गाडी वळणावर दिसेनाशी झाली. हरभऱ्याच्या पेरणीचे दिवस होते, म्हणून मी तसाच जाऊन दुकान उघडलं. पहिलंच गिऱ्हाईक ओळखीचं निघालं.

"वैनी आल्या होत्या म्हनं?"

"व्हय," मी म्हणालो, "आल्या होत्या," आणि बियाण्याची पिशवी काढायला आत गेलो.