उशीवरची ओळ

टाकेवाल्या मावशींच्या हातचे अभ्रे मिळाले नाहीत, अशी नवरी चर्चच्या अख्ख्या मंडळीत शोधून सापडली नसती. अभ्र्यावर भरायचं बायबलातलं वचन मावशी कापडाच्या मापाने निवडत. ओळ रुंदीत बसली की झालं.

स्वतःच्या लेकीच्या लग्नानंतर त्या व्याह्यांकडे चहाला गेल्या, तेव्हा स्वतःच कौतुकाने लेकीला दिलेला अभ्रा त्यांनी सगळ्यांपुढे धरला. निळ्या धाग्यात भरलं होतं, 'परमेश्वर तुझ्यामाझ्यावर नजर ठेवो.'

लेकीच्या सासूने चष्मा सावरला. "अगं बाई! विहीणबाई, आमच्या लेकाने तुमचं काय चोरलं हो?"

मावशींना काही कळेना. जावई खो खो हसत म्हणाला, "आई, हे लाबानाचं ना? सासऱ्याने जावयाला भरलेला दम!"

घरी येऊन मावशींनी उत्पत्तीच्या पुस्तकातला तो अख्खा अध्याय पहिल्यांदाच वाचला. सासरा जावयाच्या मागे धावला, चोरीचा आळ घेऊन तंबूची झडती घेतली आणि शेवटी दोघांनी मध्ये दगडांची रास रचली. एकमेकांवर भरवसा नाही, म्हणून देवालाच पहाऱ्यावर बसवलं. मावशींचे कान तापले. त्या इतकी वर्षं याला आशीर्वाद समजत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या कात्री घेऊन विहिणीच्या दारात उभ्या राहिल्या. "द्या ते अभ्रे, उसवते."

"राहू द्या हो," विहीण हसली. "मध्ये दगडांची रास तेवढी घालू नका."

मावशींची मान वर होईना. "तुमचं एकच घर नाही हो, विहीणबाई. हीच ओळ मी सगळ्या मंडळीला वाटलीये."