मी बांबू सोडला नाही

दोन हजार तेवीस साल. मला बहात्तरावं चालू होतं. त्या साली पोरानं मला उन्हाळ्यात विलायतेला नेलं, आणि त्या उन्हाळ्याचा राग अजून माझ्या डोक्यात आहे. राग उतरला की लिहू म्हणून थांबलो होतो. उतरत नाही. म्हणून तसाच लिहितो. शाळा माझी तिसरीपर्यंत. अक्षर वाकडं असेल, पण सांगतो ते सरळ आहे.

पुणतांब्याच्या अलीकडं गोदावरीच्या काठावर आमचं घर. बाप होडी चालवायचा, मग मी चालवली. पूल लांब होता. पलीकडच्या माणसाला बाजाराला, दवाखान्याला, लग्नाला यायचं तर होडीच जवळ. उतारूकडून पैसे घ्यायची रीत नव्हती. सुगीला दोन्ही काठांच्या खळ्यांवर जायचं, जो तो आपल्या राशीतून सूपभर, दोन सूप घालायचा, त्यावर आमचं वर्ष जायचं. रान म्हणाल तर दोन एकर, तेही पूर आला की नदीचं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं तीस एकरांची भानगड येणार आहे.

पोरगा एकुलता एक. दहाव्या वर्षी त्याच्या हातात मी बांबू दिला. खोल पाणी सोडलं तर आम्ही वल्हं मारत नसू, बांबू तळाला टेकवून होडी पुढं रेटायचो. डावा पाय पुढं, कंबर ताठ, बांबू तळहातातून खाली सोडायचा आणि टेकला की अंगाचा भार टाकायचा. बापानं मला कायदा एकच शिकवला होता, तोच मी पोराला शिकवला. काही होऊ दे, बांबू सोडायचा नाही. आमच्या उताराला तळाशी वाळू आणि खडक. बांबू अडकायचा सवालच नाही. पण हातातून निसटला तर होडी धारेला लागते, आणि होडीत वीस माणसं, दोन शेळ्या आणि एखादी पोटुशी बाई असते.

तर विलायत. त्या गावाचं नाव मला म्हणता येत नाही, चुकीचं लिहिण्यापेक्षा लिहीतच नाही. गाव जुनं. दगडी शाळा, दगडी देवळं, रस्तेसुद्धा दगडी. सून सांगायची, "अप्पा, या शाळा आपल्या नगरच्या किल्ल्याहून जुन्या आहेत." असतील. मधून नदी. नदी कसली, तिच्यापेक्षा आमचा पाट बरा.

आणि तिथला उन्हाळा! आमच्या मार्गशीर्षात याहून जास्त ऊन पडतं. पण त्या लोकांना त्याचं कोण कौतुक. ऊन पडलं रे पडलं की कपडे काढून हिरवळीवर आडवे. आमच्याकडं माणूस उन्हात असा पडलेला दिसला तर लोक कांदा घेऊन धावतील. एका रविवारी पोरानं मला एका गोऱ्या शेतकऱ्याच्या रानात नेलं. तिथं शहरातली माणसं वाकून वाकून त्याच्या स्ट्रॉबेऱ्या तोडत होती. तोडायच्याही आपण आणि वर पैसेही आपणच द्यायचे. सून म्हणाली, "मजा असते अप्पा." मी म्हणालो, "मग आपल्याकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या मजाच करत्यात म्हनायच्या." तिनं तोंड फिरवलं. हसत होती की रागावली होती, कळलं नाही.

होड्यांचं मला ठाऊक नव्हतं. पोरानं सांगितलंच नव्हतं. तीन आठवडे झाल्यावर एका शनिवारी म्हणाला, "अप्पा, आज पाहुणे येणार आहेत, नदीवर जाऊ." पाहुणे म्हणजे त्याच्या ऑफिसातला एक पुण्याचा माणूस आणि त्याची बायको. दोन गल्ल्या सोडून राहायचे. एकदा त्यांच्याकडं चहाला गेलो होतो. नदीवर गेलो आणि बघतो तर धक्क्याला गव्हाणीसारख्या लांबट, सपाट तळाच्या होड्या बांधलेल्या. वल्हं नाही, शीड नाही. प्रत्येकीत एक लांब दांडा.

पन्नास वर्षांपूर्वी मेलेला बाप समोर उभा राहावा तसं झालं. मी पोराकडं बघितलं. म्हटलं, आता हा सांगेल.

तेवढ्यात पुणेकरानं मला विचारलं, "काका, शेती किती आपली?"

मी तोंड उघडायच्या आत पोरगा बोलला, "तीस एकर. सगळी बागायत. ऊसच जास्त."

"अरे वा! म्हणजे बडे बागायतदार आहात काका."

पोरगा खाली वाकून बुटाची नाडी बांधत होता. ती सुटलेली नव्हती. चार माणसांत आपल्या पोराला खोटं पाडायचं नाही, ही आमच्या घरची रीत. मी म्हणालो, "हाय थोडीफार." ते दोन शब्द घशात अजून तसेच आहेत.

आम्ही पाच जण होडीत बसलो. पोरानं दांडा घेतला आणि मागं उभा राहिला. डावा पाय पुढं. कंबर ताठ. दांडा तळहातातून सुळकन खाली. सगळं माझं. माझ्या बापाचं. त्याची सावली पाण्यात पडली होती, तीसुद्धा आमचीच. फक्त दांडा वर काढताना तो मनगटाला एक पीळ देत होता. तेवढं माझं नव्हतं. मला वाटलं, विलायती नखरा.

दोन्ही बाजूंना दुसऱ्या होड्या आडव्यातिडव्या होत होत्या, एकमेकींना धडकत होत्या. आमची सुतात धरल्यासारखी सरळ. पुणेकरीण म्हणाली, "किती सफाईनं चालवता हो! कुठं शिकलात?"

"इथंच," पोरगा म्हणाला. "ऑफिसमधल्या एका गोऱ्यानं शिकवलं. दोन रविवारांत."

तीस एकर मी गिळले होते. हे गिळवेना. मी उठून उभा राहिलो.

"आन तो हिकडं."

"अप्पा, बसा. इथली नदी वेगळी आहे."

"पान्यात पानी येगळं आसतंय व्हय रं? आन म्हनतो ना."

"काका, सवय लागते बरं का याला," पुणेकर म्हणाला.

मी दांडा घेतला. पहिले दहा रेटे असे बसले की पुणेकराची बडबड थांबली. सून माझ्याकडं टक लावून बघत होती, ती लग्न होऊन आली तेव्हा होडी बंद झालेली, तिनं कधी मला उभं बघितलंच नव्हतं. वीस वर्षांत माझी पाठ अशी सरळ झाली नव्हती. मग एक दगडी पूल आला. पुलावर माणसं ओणवी होऊन बघत होती. मी म्हटलं, बघा. अकरावा रेटा जोरात दिला.

दांडा खाली गेला तो गेलाच. तळाला लोण्यासारखा गाळ. ओढला, येईना. पोराचा तो मनगटाचा पीळ नखरा नव्हता, गाळातून दांडा सोडवायला होता, हे तेव्हा कळलं. होडी मात्र माझ्याच रेट्यानं पुढं निघाली. पाय होडीत, हात दांड्याला, आणि मधे मी ताणलेला, वाळत घातलेल्या धोतरासारखा.

"सोडा, अप्पा! बांबू सोडा!" पोरगा ओरडला.

सोडा म्हणे. जो तोच कायदा माझ्याकडून शिकला तो मला सोडा म्हणत होता. आणि बांबू म्हणाला, बरं का, दांडा नाही म्हणाला. पण माझे हात सुटले नाहीत. सुटणारच नव्हते.

धाडकन पाण्यात गेलो. पाणी छातीला. उभा राहिलो तेव्हा दांडा हातातच होता, टोपी बदकांच्या मागं चालली होती आणि एक चप्पल गाळात गेली होती. पुलावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मोबाईल काढले. टाळ्या वाजवायला मी काय तमाशात नाचत होतो?

आणि होडीतून पुणेकर हसत म्हणाला, "अहो, बागायतदारांना पाण्याची काय सवय असणार!"

सुटलेली म्हैस भर पुरात शिंगाला धरून काठाला लावलेली आहे मी. आणि मला पाण्याची सवय नाही. एक शब्द बोललो असतो तर तो माणूस गप्प झाला असता. पण तो शब्द पोरानं धक्क्यावरच कापून टाकला होता. मी पाण्यातून चालत काठाला आलो, ओल्या अंगानं, एका पायात चप्पल.

तिथं रात्री नऊ वाजेपर्यंत उजेड असतो, त्यामुळं भांडणही उजेडातच झालं. सून स्वयंपाकघरात भांडी पुसत होती, तीच ती भांडी परत परत.

"तुला माझी लाज वाटती?" मी विचारलं.

"लाजेचा प्रश्न नाही, अप्पा."

"मंग कशाचा हाय? होडीचं खाऊन मोठा झालास. खळ्याखळ्यावर झोळी पसरली तवा तू नगरला शिकलास."

"नगरलाच सांगितलं होतं मी," तो म्हणाला. आवाज एकदम खाली आला त्याचा. "होस्टेलवर, पहिल्याच आठवड्यात. माझे वडील होडी चालवतात, असं अभिमानानं सांगितलं. चार वर्षं पोरं माझ्या पाठीवर चढून बसायची. 'ए होडीवाल्या, ने की संडासापत्तूर. सुगीला सूपभर जवारी घालतो.' चार वर्षं, अप्पा."

"मंग एकाच्या थोबाडीत द्यायची."

"दिली. म्हणून तर तुम्हाला बोलावून घेतलं होतं हेडमास्तरांनी. आठवतंय? तुम्ही विचारलंत कशावरून झालं. मी सांगितलं, भाजीवरून."

आठवत होतं. मी ओल्या धोतरानं, दुपारची खेप टाकून नगरला गेलो होतो. भाजीवरून मारामारी करतो म्हणून सगळ्या पोरांच्या देखत मीच त्याच्या थोबाडीत दिली होती. तो रडला नव्हता. उलट मला एस. टी. स्टँडपर्यंत सोडायला आला होता.

यावर माझा राग गेला असं कुणी समजू नये. उलट वाढला. त्या पोरांवर, त्या हेडमास्तरावर, माझ्यावर, आणि पोरावर तर सगळ्यात जास्त. इतकी वर्षं पोटात ठेवायचं आणि मग तीस एकर बाहेर काढायचे?

"ती होस्टेलची पोरं हुती," मी म्हणालो. "हा पुन्याचा मानूस तुज्या पाठीवर बसनार हाय व्हय?"

"तुम्हाला नाही कळायचं."

"मला तिसरीपत्तूरचंच कळतंय."

तो उठून गेला. सूनबाई हळूच म्हणाली, "अप्पा, आता ते परत कसं सांगणार? खोटे पडतील ना." तिचं म्हणणं खरं होतं, आणि रात्रभर तेच खात राहिलं. गप्प राहावं तर माझा बाप खोटा पडतो. बोलावं तर माझा पोरगा.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठलो. धोतर वाळलं होतं, पण गाळाचा वास होता. तेच नेसलो. चप्पल एकच उरलेली, म्हणून पोराच्या रबरी स्लिपर पायात घातल्या. दोन बोटं मोठ्या होत होत्या. दोन गल्ल्या चालत गेलो आणि पुणेकराच्या दाराची बेल दाबली. तो हाफ पँटवर बाहेर आला.

"काका? इतक्या सकाळी? बरे आहात ना? या, या, आत या."

"बसत न्हाई. सांगाया आलोय. मी बागायतदार न्हाई. दोन एकर हायेत, ती बी नदीकाठची. मी गोदावरीवर होडी चालवायचो. माजा बाप बी तेच करायचा."

तो म्हणाला, "मग ते तीस एकर..."

"ती माजी थाप. मीच पोराला तसं सांगाया लावलं. म्हाताऱ्याला मोठेपना पायजे हुता. तो बिचारा बापाचा शब्द मोडत न्हाई."

आयुष्यात इतकं खोटं मी एका दमात कधी बोललो नव्हतो. त्याची बायको मागं येऊन उभी राहिली होती. तिच्याकडं बघून म्हणालो, "पन बाई, दांडा त्याला कुन्या गोऱ्यानं शिकवलेला न्हाई. मी शिकवला. दहा वर्साचा हुता तवा. ते तेवढं खोटं त्याचं हाय, ते मी माज्या अंगावर घेनार न्हाई."

ती म्हणाली, "काका, चहा तरी घ्या."

चहा उंबऱ्यावर उभ्यानंच घेतला, कप तिच्या हातात परत दिला, आणि घरी येऊन पोराच्या स्लिपर होत्या तिथं, होत्या तशा ठेवल्या.