चार दिवसांची ओली गोणी

माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. मी शाळेत विज्ञान शिकवायचे, आणि कोणी अंगात आल्याचं सांगितलं की तोंडावर हसायचे. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचून मला वेड्यात काढू नका...

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बडोद्यात गोत्रीला तेव्हा नव्या सोसायट्या उभ्या राहत होत्या. तिथे मी, बाबा आणि दादा राहायचो. दादा प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये वेल्डर. पत्र्यांच्या ढिगात अडकून जखमी झालेलं अजगराचं पिल्लू त्याने घरी आणलं. वनखात्याला कळवून — बरं झालं की सोडायचं, या बोलीवर. मागच्या खोलीत काचेची पेटी, आत पाण्याचं घमेलं आणि ओली गोणी.

मे महिन्यात ते कातीवर आलं. डोळे दुधासारखे पांढरे झाले.

"सुमे, गोणी सुकू द्यायची नाही," दादा म्हणाला. "कोरडं पडलं तर कात डोळ्यांवरच चिकटते. आधीच अशक्त आहे, वाचायचं नाही."

दिवसातून तीनदा आम्ही गोणी भिजवायचो. दोन तासांत ती वाळायला लागायची, इतकं ऊन!

त्यातच सुरतेहून आत्याचा फोन — तिच्याकडे गेलेल्या बाबांच्या छातीत दुखतंय. होतो तसे निघालो. संध्याकाळपर्यंत परतू असं वाटलेलं... चार दिवस हॉस्पिटलच्या बाकावर काढले. दुसऱ्या दिवशी मी एसटीडी बूथवरून शेजारच्या हंसाबेनना फोन केला, पेटीत पाणी घालाल का म्हणून.

"अरे बेन, पण चावी तो तमारी पासे छे!"

चावी खरंच माझ्या पर्समध्ये होती. बाबांना तसं सोडून आम्हा दोघांपैकी कोणालाच निघता येईना.

बाबा सावरले. चौथ्या दिवशी दुपारी आम्ही दोघं घरी आलो. कुलूप जसंच्या तसं. हंसाबेनही मागोमाग आल्या. घर भट्टीसारखं तापलेलं, स्वयंपाकघरातला माठ कोरडा, नळाला पाणी नाही. मला मागची खोली उघडवेना. शेवटी दादाने दार ढकललं...

आणि अंगावर गारवा आला. खोल विहिरीत डोकावल्यावर येतो तसा.

पेटीच्या काचांवर आतून थेंब ओघळत होते. गोणी चिंब. घमेलं काठोकाठ भरलेलं, आणि पाणी एवढं गार की मी बोट मागे घेतलं. एका बाजूला अखंड कात पडलेली — डोळ्यांवरच्या इवल्या पारदर्शक टिकल्यांसकट! पिल्लू वेटोळं घालून बसलेलं, अंगावर इंद्रधनुष्यासारखी झाक, डोळे स्वच्छ. आमच्याकडे बघत होतं.

"कोण आवेलुं?" हंसाबेन कुजबुजल्या. कोणी आलं असेल तर कुठून? खिडकीची आतली कडी लावलेलीच होती.

कुठल्याच देवापुढे हात न जोडणारा माझा दादा... त्याने उंबऱ्याबाहेर जाऊन चपला काढल्या आणि मग आत आला.

पुढे वनखात्याच्या माणसांसोबत आम्ही त्याला जंगलात सोडून आलो. मी नळ, छप्पर, बाष्पीभवन, सगळं तपासून पाहिलं. आजही मला उत्तर माहीत नाही. एवढंच कळतं, की ज्याची तहान आम्ही भागवू शकलो नाही, त्याच्याकडे कोणाचं तरी लक्ष होतं.