परत करायला नेलेला नवस

शेवटचं मी आणि माझ्या बायकोनं मिळून काय केलं असेल तर तुरीच्या शेंगा सोलल्या. पौषातलं ऊन होतं. नागपूरला नंदनवन मोहल्ल्यातल्या आमच्या घरापुढच्या ओट्यावर ती सूप घेऊन बसली होती आणि मी बाजूला. मी दोन दाणे सुपात टाकायचो, एक तोंडात. ती म्हणाली, "अवो, भातात काय टरफलं टाकू?" मग चहा झाला. माझ्या कपात साखर, तिच्या कपात नाही. पोराला दवाखान्यात काम लागेपर्यंत चहात साखर घेणार नाही, असं ती देवीपुढं बोलून आली होती. मी म्हटलं, "तू फिक्का चहा पेल्यानं दवाखानेवाले घाबरतीन काय वं?" ती हसली नाही. सूप उचलून आत गेली. भात चुलीवर चढायच्या आधीच ती गेली.

मी चौथी शिकलेला माणूस. बाप मागावर बसायचा, मीही बसलो. माग बंद पडला तसा गांधीबागेच्या बाजारात कापडाचे गठ्ठे उचलायला लागलो. सारा जन्म उभ्यानं गेला, म्हणून पायाच्या शिरा फुगल्या आणि घोट्याच्या वर एक जखम झाली, ती काही केल्या भरत नाही. देवाचं सगळं तिच्याकडे होतं. उपास तिचे, आरती तिची, प्रसाद खायला मी. तेव्हा मी देवीचा अनुभव लिहावा हे मलाच खरं वाटत नाही. पण झालं ते झालं, आणि जसं झालं तसं लिहितो.

आमचा एकच मुलगा, विलास. फौजेच्या दवाखान्यात नर्सिंगचं काम करायचा. मोहल्ल्यातले लोक म्हणायचे, बंदूक सोडून बायांचं काम काहून करते तुमचा पोरगा. त्याला राग यायचा नाही. म्हणायचा, गोळी लागलेला माणूस हे विचारत नाही. हवालदार झाला, सर्व्हिस पुरी झाली. आणखी राहता आलं असतं, पण आई म्हणाली आता घरी ये, म्हणून तो आला. आणि इथं आल्यावर कळलं की फौजेतलं शिक्षण इथल्या दवाखान्यात चालत नाही. आधी नर्सिंग कौन्सिलात नाव लावा, मग पाहू, असं सगळीकडे सांगायचे. ते नाव कधी लागेल, काही कळेना. बिचारा इस्त्रीचा शर्ट घालून नागपूरभर हिंडला. आणि प्रत्येक ठिकाणी उठता उठता एकच गोष्ट ऐकायला मिळायची, की फौजी आहात ना, मग गेटवर जागा आहे, उभे राहा.

ती गेली त्या दुपारी विलास घरीच होता. तिला जमिनीवर आडवी करून तो छाती दाबत राहिला. डॉक्टर आला, नाही म्हणाला, तरी हा थांबेना. शेवटी मी त्याचे हात धरले. त्या दिवसापासून तो एकाही दवाखान्यात विचारायला गेला नाही. बोलणंही कमी झालं. फक्त माझ्या पायाची पट्टी चुकली नाही. रोज सकाळी मी खाटेवरून पाय खाली टाकायच्या आधी तो यायचा, जखम धुवायचा आणि बोटांपासून गुडघ्याखालपर्यंत पट्टी गुंडाळायचा. मी म्हणायचो, फोड एवढासा अन् पट्टी एवढी, पायाले फाशी देते का. तो पट्टीचं टोक खोचून उठायचा.

वैशाखात त्यानं गेटवरची नोकरी धरली. मीच म्हटलं होतं, घरात भिंत पाहत बसण्यापेक्षा गेट बरं. खरं सांगायचं तर मी थकलो होतो. दोन माणसं एका घरात आणि दोघांच्या तोंडाला कुलूप. गार्डाचा निळा ड्रेस आणून त्यानं खुंटीला टांगला. तिची घरात नेसायची साडी असायची तीच खुंटी. सोमवारी सकाळी हजर व्हायचं होतं.

रविवारी मी ठरवलं की देवीला जाऊन सांगून यायचं. पोरगं गेटवर लागलं, दवाखान्याचा विषय संपला, बोलणारी पण गेली. मग तिचा नवस तिथं काहून लोंबकळत ठेवायचा? तिनं तोंडानं बोलला होता, मी तोंडानं परत घेणार. देऊळ सावनेरच्या रस्त्यावर आहे. विलासला खोटं सांगितलं की गांधीबागेतल्या जुन्या सोबत्याकडे जातो. काही न खाता निघालो. बसमध्ये मनात घोकत होतो की माय, तुझं माझं काही वैर नाही, पण तू तिचं ऐकलं नाही, आता तिला मोकळी कर.

आमच्याकडे घरात माणूस गेलं की वर्ष होईपर्यंत देवळाच्या आत जात नाहीत. म्हणून मी बाहेरच्या पायरीवरच थांबलो. रविवारची गर्दी, सगळ्यांच्या पाठी मध्ये, देवी काही दिसेना. तोंड पाहिल्याशिवाय काय बोलायचं, म्हणून गर्दी हटायची वाट पाहत बसलो. दगड तापू नये म्हणून पायऱ्यांवर पाणी मारलेलं होतं. चप्पल काढलेली, पट्टी खालून भिजली. गार लागायला लागलं तशी मी ती सोडायला घेतली.

"काका, सोडू नका ती."

बाजूला एक बाई बसल्या होत्या, पन्नाशीच्या. त्यांची म्हातारी आई भिंतीला टेकून प्रसादाचा शिरा खात होती. बाई उठून आल्या, माझ्यापुढं खाली बसल्या आणि विचारल्याशिवाय माझा पाय आपल्या मांडीवर घेतला. मला लाज वाटली. मी म्हटलं, बाई, जखमेचा पाय आहे, विटाळ होईल, देवळात आलात तुम्ही. त्यांनी ऐकलंच नाही. पट्टीच्या वेढ्यांवरून बोट फिरवत वरपर्यंत गेल्या. मग पायाच्या बोटांची नखं दाबून पाहिली.

"कोणी बांधली ही?"

"पोरानं."

"काय करतो पोरगा?"

"फौजेत नर्सिंगले होता. उद्यापासून गेटवर उभा राहते."

बाईंनी माझा पाय अलगद खाली ठेवला. मग सांगायला लागल्या की त्या सावनेरच्या एका धर्मादाय दवाखान्यात नर्सांच्या प्रमुख आहेत. खाणीतले, शेतातले असेच पाय घेऊन लोक येतात. पट्टी खाली घट्ट आणि वर जाता जाता सैल लागते, तेव्हाच अशी जखम भरते, आणि इतकी सारखी बांधणारा हात त्यांना सापडत नव्हता. आणखी एक अडचण होती. म्हातारे लोक पोरींसमोर धोतर वर करायला लाजतात, त्यामुळे पट्टी अर्ध्यावरच राहते. कौन्सिलचं काम सवडीनं होईल, तोवर त्याला ड्रेसिंगच्या खोलीत काम करू दे, मोठ्या डॉक्टरांशी मी बोलते, असं म्हणाल्या. पगार फौजेसारखा नाही, हेही सांगून टाकलं.

मी म्हटलं, "बाई, तुमच्याकडे पण गेटच दाखवतीन त्याले."

"गेटवर माणूस आहे आमच्याकडे, काका. उद्या सकाळी पाठवा. मी ड्युटीवर आहे."

आईचा हात धरून त्या पायऱ्या उतरून गेल्या. मी वळलो तर गर्दी सरकली होती आणि देवी समोर होती, डोळ्यांसकट. बसमध्ये घोकलेलं एकही वाक्य तोंडात आलं नाही. विसरलो नव्हतो. पण बोलावंसं वाटलं नाही. नुसते हात जोडले, ते पण कधी जोडले ते कळलं नाही. परत करायला नेलेली गोष्ट तशीच घेऊन घरी आलो.

घरी विलास ऐकून घेत होता, पण खुंटीकडे पाहत होता. म्हणाला की गार्डाच्या ऑफिसात शब्द दिला आहे, उद्या माणूस नाही पोचला तर त्यांची अडचण होईल. मी म्हटलं ड्रेस परत करायला मी जातो. त्यानं आपले हात उलटेपालटे करून पाहिले. शेवटी म्हणाला,

"बाबा, पेशंट समोर आला का हात कापतीन माहे. आईच्या टायमाले त्याच हातानं काही नाही झालं."

"माह्या पायावर तं कधी कापले नाही."

तो उठून मोरीत गेला. पाण्याचा आवाज पुष्कळ वेळ येत राहिला. बाहेर आला तेव्हा त्यानं सकाळसाठी इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला.

विलास तिथं कामाला लागल्यापासून लोक मला विचारतात, ती बाई म्हणजे कोण होती. मी सांगतो, सावनेरच्या दवाखान्यात नोकरी करणारी बाई होती, रविवारची सुट्टी म्हणून आईला घेऊन देवळात आली होती. यापेक्षा जास्त मला माहीत नाही आणि मी विचारलंही नाही. एवढं मात्र कळलं की मी जे मोडायला निघालो होतो ते माझं नव्हतंच. ते माझ्या बायकोचं आणि देवीचं, त्या दोघींमधलं होतं. मी आयुष्यभर ओझी उचलली, त्यामुळे वाटायचं की सगळं आपणच उचलायचं आणि आपणच खाली ठेवायचं. काही गोष्टी दुसऱ्याच्या हातात असतात, तिथं आपण नुसतं पायरीवर बसून राहायचं असतं. तिचे उपकार मानतो, देवीचेही मानतो. देवीकडं आधी वशिला तिचाच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी विलासनं माझी पट्टी बांधली आणि सावनेरच्या पहिल्या बसला गेला. मी निळ्या ड्रेसची घडी पिशवीत घालून गार्डाच्या ऑफिसात नेऊन दिली. तिथला माणूस म्हणाला, काका, मग तुम्हीच उभे राहता काय? मी म्हटलं, माझं उभं राहणं झालं बाबू.

घरी येऊन चहा टाकला. सवयीनं दोन कप झाला. दोन्हीत साखर घातली, तिच्या कपात जास्तच पडली. तिचा कप ओट्यावर तिच्या जागेवर ठेवला आणि माझा पिऊन होईपर्यंत तसाच राहू दिला. मग तोही मीच प्यायलो. चहा फेकलेला तिला चालला नसता.