प्रत्यर्पण शिकवणाऱ्याच्या घरी

रविवारी सकाळी परभणीतल्या आमच्या घरी, पुढच्या खोलीत बसून मी लॉच्या मुलांचा ऑनलाइन तास घेत होतो. विषय एक्स्ट्राडिशन, म्हणजे प्रत्यर्पण. धाकटी बहीण मीना शेजारीच मेथी निवडत बसली होती...

मी आपला रंगात आलेलो. लॅटिनमध्ये 'एक्स' म्हणजे बाहेर, 'ट्रॅडिशिओ' म्हणजे सोपवणं. आपल्याकडे प्रत्यर्पण, म्हणजे परत हवाली करणं. आरोपी दुसऱ्या देशात पळाला की पहिला देश त्याला मागतो. पण मागितला आणि दिला, असं नसतं बरं का! आधी त्याचं म्हणणं ऐकतात. तिकडे छळ होणार असेल तर नकारही देता येतो.

तास संपतोय तोच दारात जीप थांबली. ताडकळसहून मीनाच्या सासरची चार वडीलधारी माणसं तिला न्यायला आली होती. नवऱ्याच्या माराला कंटाळून ती आमच्याकडे आलेली... हे त्यांनाही ठाऊक, मलाही.

त्यातले एक जण म्हणाले, "सर, झालं गेलं सोडा. आमी जिम्मेदारी घेतो." झालं! चार मोठी माणसं दारात आली, वर 'सर' म्हणाली, मी लगेच पाघळलो. बायकोला म्हणालो, ओटीची तयारी कर. मीनाला म्हणालो, बॅग भर.

ताटात खण, नारळ, तांदूळ आले. मीनाने पदर पुढे केलाच नाही. सगळ्यांसमोर मला म्हणाली, "दादा, पळून आलेल्या आरोपीला बी आधी इचारतेत म्हणलास ना मगाशी? मंग मला का न्हाई इचारलं?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं हो. कसंबसं विचारलं, तुला जायचंय का?

"न्हाई."

मी पाहुण्यांपुढे हात जोडले, ती इथंच राहील म्हणालो. चहा तसाच ठेवून ते उठले. आता भावकीत काय बोलतील ते बोलोत.

लाज त्याची नाही वाटत. इतकी वर्षं हा धडा शिकवतोय, आणि घरच्या पोरीला साधं विचारायचं सुचलं नाही, याची वाटते. कालपासून तिच्या डोळ्याला डोळा देता येत नाहीये...

मीना, बरं झालं तू चारचौघांत बोललीस. नाहीतर मी माझ्याच हाताने तुला त्या जीपमध्ये बसवलं असतं.