मागच्या महिन्याचं पान

गावात कुणी गेलं की आधी मला निरोप येतो, मग पाहुण्यांना. बांबू कुठनं तोडायचे, मडकं कुणाकडं मिळंल, शिरूरला कापड आणायला कुणाला पिटाळायचं, हे सगळं मला तोंडपाठ. रांजणगावच्या कारखान्यात टाईम ऑफिसला जन्म काढला, तारखा आणि वार यांच्यातच केस पिकले. त्यामुळं मयताच्या घरी तिथी-नक्षत्र बघायचं कामही आपोआप माझ्याकडं आलं. मी ते मोठ्या तोऱ्यात करायचो. खोटं कशाला बोलू, तिथं मला मान मिळायचा आणि तो मला आवडायचा.

आमच्या शेजारचा ड्रायव्हर गेला तेव्हाची गोष्ट. चाळिशीही गाठली नव्हती बिचाऱ्यानं. दौंडच्या दवाखान्यात महिनाभर पडून होता. शेवटी डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं, आणि सहा तारखेला सकाळी त्यानं स्वतःच्या घरात जीव सोडला. घर म्हणजे दोन खोल्या, वर नवा स्लॅब. त्या स्लॅबला पाणी मारायला त्याची बायकोच रोज शिडी चढायची. आता मागं राहिल्या ती आणि तिची सासू.

अंगणात माणसं जमली. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "आप्पा, दिवस कसा हाय, बघितला का?" मी त्यांच्याच घरात गेलो, दाराआडच्या कॅलेंडरवर सहा तारखेवर बोट ठेवलं आणि बाहेर येऊन सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "पंचक हाय."

झालं! पंचकात गेलेला माणूस आणखी पाच जण नेतो, असं आमच्याकडं मानतात. म्हणून कणकेचे पाच पुतळे करून सरणावर ठेवायचे आणि नंतर घर बंद करायचं. किती दिवस, यावर दोन म्हाताऱ्यांचं कधी जमत नाही. भावकीनं तीन महिने ठरवले. तेरावं झालं की घराला कुलूप, आणि दोघींनी रानातल्या पत्र्याच्या शेडमध्ये राहायचं. शेडच्या तिन्ही अंगांनी ऊस, आणि उसात बिबट्या. हे माहीत सगळ्यांना होतं, बोललं कुणी नाही.

दुसऱ्या दिवशी, पंचक कधी सुटतंय ते बघावं म्हणून मी आमच्या घरचं कॅलेंडर बघितलं. सहा तारखेला पंचक नव्हतंच. ते तीन तारखेलाच संपलं होतं. आधी बायकोवर खेकसलो, हे कसलं कॅलेंडर आणलंयस म्हणून. मग डोक्यात प्रकाश पडला. त्या घरात महिनाभर दवाखान्याची धावपळ, भिंतीवरचं पान उलटायला सवड कुणाला होती? मी मागच्या महिन्याची सहा तारीख बघितली होती. अरे, वारसुद्धा बघितला नाही! आणि मी म्हणे जन्मभर लोकांच्या हजेरीतल्या चुका काढल्या.

कुलूप लागायला अजून अकरा दिवस होते. एवढंच म्हणायचं होतं, "माझं चुकलं. पंचक नव्हतं. घर सोडू नका." त्यांच्याकडं चूल पेटत नव्हती, म्हणून आमच्या घरनं चहाची किटली जायची आणि ती मीच न्यायचो. रोज निघताना ठरवायचो, आज सांगायचं. तिथं चार माणसं बसलेली असायची. "या आप्पा, बसा" म्हणून सतरंजी सरकवायची. त्याची बायको दाराच्या चौकटीला टेकून उभी असायची. मी कप भरायचो, हवापाण्याचं बोलायचो आणि रिकामी किटली घेऊन परत यायचो. पुतळे जळून गेले होते, गावभर झालं होतं. पंचकाला मी अर्धाच भितो, लोकांच्या हसण्याला पुरा.

दहाव्याला घोड नदीच्या काठावर कावळा शिवेना. भावकीतले एकेक जण पुढं होऊन सांगत होते, आईला सांभाळतो, बायकोला अंतर देणार नाही. मीही हात जोडले आणि मनात म्हणालो, बाबा, मी आजच्या आज खरं काय ते सांगतो. पाच मिनिटांत कावळ्यानं भात उचलला. सगळे म्हणाले, सुटला. मीही म्हणालो, सुटला. मग घरी येऊन जेवलो आणि झोपलो.

तेराव्यानंतर कुलूप लागलं. थंडी वाढत गेली. सासू खोकल्यानं आडवी पडली. एके सकाळी कळलं, शेडच्या दारातनं बिबट्यानं कुत्रं उचललं. आणि मी काय केलं? बॅटरी आणि दोन पुडे फटाके घेऊन गेलो. "दार लावून घेत जा," असं वर शहाणपण शिकवून आलो. सून म्हणाली, "व्हय आप्पा." लिहितानाही लाज वाटते.

तीन महिन्यांनी कुलूप निघालं. सगळ्यांच्या आधी खराटा घेऊन मी हजर. जाळीजळमटं काढत दाराआड गेलो आणि कॅलेंडरसमोर थांबलो. पान उलटलेलं होतं. तो गेला त्याच महिन्याचं पान होतं, आणि सहा तारखेभोवती पेनानं गोल काढलेला.

"हे कवा उलटलं?" मी विचारलं.

ती भांडी पुसत होती. "तिसऱ्या दिवशी. मान्सं राख सावडून आली, तवा तिथी बघाया गेले."

म्हणजे कुलूप लागायच्या कितीतरी आधी तिला माहीत होतं. दहा दिवस आधी.

"मग बोलली का न्हाईस, बाई?"

"मी?" तिनं तेव्हा कुठं वर बघितलं. "नवऱ्याची राख निवाली न्हाई आन् हिला घराची पडलीय, म्हनले असते. माझं कोन ऐकनार व्हतं? तुमचं ऐकलं असतं." तिनं पातेलं फळीवर पालथं घातलं. "तुम्ही रोज चहा घिऊन यायचा. म्हनून मी दारात यून उभी ऱ्हायची. रोज वाटायचं, आज आप्पा सांगत्याल."